मोहितेबाईंचा उलटा हात

आमच्या प्रयोगशाळेत चहा दोन निमित्तांनी येत असे. एक दुपारी चार वाजता, आणि दुसरा कुणाची चूक सापडली की. चारचा चहा संस्थेच्या कँटीनमधला, पाणचट आणि कागदी कपातला. चुकीचा चहा मात्र फाटकाबाहेरच्या टपरीवरून मागवलेला, आले ठेचून घातलेला, काचेच्या ग्लासांतला; सोबत वर्तमानपत्रात बांधून आणलेली कांदाभजी. ज्याची चूक असेल त्याने खिशात हात घालायचा नाही, बाकीच्यांनी त्याला पाजायचा, असा दंडक होता. तो डॉ. शालन मोहिते यांनी घातला होता आणि नीट पाळला जातो की नाही, यावर त्यांची करडी नजर असे.

"चूक सापडली म्हणजे पुढचा सगळा फुकटचा खटाटोप वाचला," त्या म्हणत. "ज्याने वाचवला त्याला चहा नको?"

अट एकच. प्रयोग फसला की बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहून विचारीत, "चहा कुणाचा?" मग ज्याचा असेल त्याने स्वतःहून म्हणायचे, "माझा." एवढाच एक शब्द. दुसऱ्याने बोट दाखवले तर चहा रद्द, आणि त्या शब्दापुढे सबब जोडली तरीही रद्द.

हा एक शब्द मला कधी जमला नाही. मी मुळातच माफी मागणारा मनुष्य आहे. यंत्राला माझा धक्का लागला तर मी यंत्राला सॉरी म्हणतो. गिरगावातल्या ज्या घरात मी वाढलो, तिथे मोठा आवाज हाच एक अपराध समजला जाई, आणि पन्नाशी उलटली तरी माझा आवाज त्या घरातून पुरता बाहेर पडलेला नाही. त्यामुळे काही बिघडले की मी "क्षमा असावी, बहुधा माझ्याकडूनच, म्हणजे निश्चित सांगता येणार नाही, परंतु..." असे सुरू करी, आणि माझे वाक्य संपेपर्यंत बाईंचा धीर आणि टपरीवरची भजी, दोन्ही संपलेले असे.

"पेंडसे, माफी कसली मागताय?" त्या म्हणत. "चहा मागा, चहा!"

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांच्याविषयी लिहायला बसलो तेव्हा त्यांच्या पदव्या, निबंध आणि पारितोषिके यांपैकी काहीच प्रथम आठवले नाही. आठवला तो त्यांचा उलटा हात.

बाई कुठल्याही वस्तूची ऊब उलट्या हाताने पाहत. चहाचा ग्लास, संगणकाचा चार्जर, लिफ्टमधले बटण, भिंतीवरचा विजेचा बोर्ड, कशाचीही. तळहात कधीच लावत नसत. बोटे मिटून हाताची मागची बाजू हलकेच टेकवीत आणि डोळे किंचित बारीक करीत. एकदा कामाच्या गप्पा चालू असतानाच त्यांनी तो हात माझ्या कपाळावर ठेवला. पुरुष सहकाऱ्याच्या कपाळाला असा हात लावावा की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाही नसावा. "ताप आहे. घरी जा," त्या म्हणाल्या आणि तापलेल्या भट्टीकडे वळल्या. मी आजारी पडल्याबद्दल भट्टीपर्यंत माफी मागत गेलो. घरी जाऊन पाहिले तो खरोखरच ताप होता.

"तळहातावर भरवसा ठेवायचा नाही," असे त्यांचे मत. "त्याला भांडी धरून धरून सवय झालेली असते. उलटा हात खरं सांगतो. माझ्या आईचं हेच म्हणणं होतं."

त्यांच्या आईविषयी पुढे सांगेन. आधी बाई डोळ्यांसमोर उभ्या राहायला हव्यात. ठेंगण्या, चालायला भलत्याच चपळ. अंगावर सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि केसांवर सरकवलेला प्रयोगशाळेतला संरक्षक चष्मा, जो काढून ठेवायला त्या हमखास विसरत. मे महिन्यात त्या लालबागला वर्षाचा मसाला करायला जात, तेव्हाही तो डोक्यावर असे. डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, मिरच्या कुटल्या जाऊ लागल्या की आसपासच्या सगळ्या बायका पदराने डोळे पुसत, आणि बाई चष्मा खाली ओढून कोरड्या डोळ्यांनी हुकूम सोडीत, "अजून बारीक!" तिथल्या दोघी-तिघींनी हा चष्मा कुठल्या दुकानात मिळतो म्हणून त्यांच्यापाशी चौकशी केली होती.

त्यांचा जन्म चिंचपोकळीचा, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या चाळीतला. वडील गिरणीत कामाला. पुढे बाई शिकल्या, संशोधक झाल्या, देशोदेशींच्या परिषदांना जाऊन आल्या आणि करी रोडला, म्हणजे चिंचपोकळीच्या पुढच्याच स्टेशनाला, एका उंच इमारतीत राहू लागल्या. कुणी त्यांच्या प्रगतीचे कौतुक करू लागला की म्हणत, "आयुष्यात बरोबर एक स्टेशन पुढे आले, दुसरं काय!" त्या उंच मजल्यावरही घराचे दार चाळीतल्यासारखे सताड उघडे असे. शेजारी आधी चकित झाले, मग वैतागले, आणि शेवटी साखर मागायला येऊ लागले.

आता आमच्या कामाविषयी थोडेसे सांगणे भाग आहे, कारण बाईंचा जीव त्यातच होता. मातीत मिसळून जाणारे एक प्लास्टिक असते. ते मक्यासारख्या पिकांपासून करतात. वापरून झाले की ते तापलेल्या खतात घालून कुजवता येते. स्वभावाने गुणी, पण त्याचा एक दोष असा की त्यातून उष्णता पुढे सरकत नाही. सरकारी कचेरीतल्या अर्जासारखी ती आत शिरते आणि तिथेच पडून राहते. त्यामुळे जिथे काही तापते, म्हणजे दिव्याभोवती किंवा विजेच्या उपकरणात, तिथे हे प्लास्टिक चालत नाही; थोड्याच उष्णतेने ते मऊ पडून वाकते. धातूचा चुरा मिसळावा तर उष्णतेबरोबर वीजही वाहू लागते, आणि दिव्याच्या वाटीला हात लावणाराच उजळून निघतो. म्हणून आम्ही त्यात सिरॅमिकचे, म्हणजे चिनीमातीच्या जातकुळीतले, अतिसूक्ष्म नॅनोकण मिसळत होतो. पांढरी, टाल्कम पावडरसारखी दिसणारी भुकटी. उष्णतेला वाट आणि विजेला मज्जाव.

एवढे सांगायला मला हा परिच्छेद लागला. बाईंना चहाचा एक ग्लास पुरे.

एकदा आमच्या कामाला अनुदान द्यायचे की नाही हे ठरवायला एक समिती आली होती. कोट, टाय, गंभीर चेहरे. संचालकांनी मोठ्या पडद्याची व्यवस्था केली होती. बाईंनी समितीला सरळ बाहेरच्या व्हरांड्यात नेले आणि भिंतीशी एका रांगेत उभे केले.

"तुम्ही प्लास्टिक," त्या एका वयस्क गृहस्थांना म्हणाल्या. "तुम्हीपण प्लास्टिक. तुम्ही कण. मॅडम, तुम्ही कण. पेंडसे, तुम्ही प्लास्टिकच."

मग त्यांनी वाफाळता ग्लास पहिल्याच्या हातात दिला. नियम असा की कणाने ग्लास घेताच पुढे द्यायचा. प्लास्टिकने मात्र मनात शांतपणे वीस आकडे मोजायचे आणि मगच द्यायचा. ग्लास माझ्यापर्यंत आला तेव्हा मी मोजत होतो आणि माझी बोटे भाजत होती. मी तो पुढे दिला, तर पलीकडचे वयस्क गृहस्थ मोजता मोजता "अहो, भाजतंय!" असे ओरडले.

"भाजणारच! उष्णता तुमच्यात अडकली ना!" बाई आनंदाने म्हणाल्या. "आता बघा हं." आणि त्यांनी रांगेत कणांची संख्या वाढवली. ग्लास सुळकन शेवटपर्यंत गेला.

तेवढ्यात एका कोपऱ्यात समितीचे तिघे जण एकमेकांना चिकटून काहीतरी कुजबुजू लागले. बाईंनी टाळी वाजवली. "ही बघा गुठळी! कण असे एकमेकांतच रमले की रांग तुटते. पिठलं बिघडतं तसं. आमची निम्मी मेहनत या गुठळ्या फोडण्यात जाते."

अनुदान मिळाले. ही रांगेची कल्पना सुचली कुठून, असे मी त्यांना विचारले होते. "सहा डिसेंबरला दादरला या कधीतरी," त्या म्हणाल्या. "मी दर वर्षी पाण्याच्या मंडपात असते. लोकांचा समुद्र असतो, पण पाण्याचा ग्लास हातोहात कुठल्या कुठे पोचतो. फक्त मधे हात रिकामा पाहिजे."

आमच्यातला तिसरा माणूस म्हणजे सावंत. तांत्रिक बाजू ते सांभाळत. घराणे मूळचे मालवणकडचे, पण त्यांचा जन्म लालबागच्या गल्लीतला आणि त्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचे ते खंदे कार्यकर्ते. एका जुलैत त्यांनी मंडळाच्या सभेला जायच्या घाईत आमच्या प्लास्टिकच्या दाण्यांच्या डब्याचे झाकण उघडे टाकले. हे दाणे हवेतला ओलावा पितात, आणि ओले दाणे यंत्रात गेले की आतून तुटतात. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचा जो पत्रा निघाला तो हातात घेताच पापडासारखा मोडला. सावंतांनी यंत्राला दोष दिला. मग विजेला. मग हवामानखात्याला.

बाई मधोमध येऊन उभ्या राहिल्या. "चहा कुणाचा?"

सावंतांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा डब्याकडे पाहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "माझो."

संकटात ते मालवणीत शिरत. त्या दिवशीची बहुतेक भजी त्यांनीच खाल्ली. शेवटचे भजे उचलताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. हे असं पाजलंत की माणूस जन्मभर झाकण लावतो."

मी हे पाहत होतो, आणि मनात येत होते की माझ्या माफीत आणि सावंतांच्या त्या एका शब्दात नेमका कोणता फरक आहे. माफी मागताना मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. तो रागावला तर नाही ना, हे शोधत असतो. चूक तशीच बाजूला पडून राहते. सावंत चेहऱ्याकडे पाहत नव्हते, डब्याकडे पाहत होते. एवढे कळले. पण कळणे आणि तोंडातून निघणे यांत माझ्या बाबतीत फार अंतर आहे.

बाईंच्या निवृत्तीचे वर्ष उजाडले तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सावंतांच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत प्रवेशाच्या कमानीवर दिव्यांच्या माळा लागतात. एकेक दिवा प्लास्टिकच्या वाटीत बसवलेला असतो. दहा दिवसांनी त्या शेकडो वाट्या कचऱ्यात जातात. बाईंना त्या कमानीवर आपल्या प्लास्टिकची माळ लावायची होती: जी उष्णतेने वाकणार नाही आणि उत्सव संपला की खतात जाईल.

"तुम्ही कधीपासून गणपतीचं करायला लागलात?" सावंतांनी चिडवले.

"गणपती तुमचा. कचरा सगळ्यांचा," बाई म्हणाल्या.

पण कारण तेवढेच नव्हते. एका दुपारी डबा खाताना त्यांनी ते सांगितले, अगदी सहज, लोणच्याची फोड तोंडात असताना. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या आईने घरी काम घेतले होते. व्यापारी पोती आणून टाकी. त्यात रंगीत वाट्या आणि बारके बल्ब. घरातल्या सगळ्यांनी बल्ब वाट्यांत बसवायचे, माळ पेटवायची, आणि आईने प्रत्येक वाटीला उलटा हात लावून पाहायचे. जी मऊ पडेल ती बाद.

"जळक्या प्लास्टिकचा वास म्हणजे आमच्या घरचा वास," बाई म्हणाल्या. "आणि उत्सव संपला की गल्लीच्या टोकाच्या ढिगात आम्हाला आमच्याच वाट्या दिसायच्या. आई म्हणायची, शालन, असं काही बनव की ते हात पण पोळणार नाही आणि पडून पण राहणार नाही. ती आपली सहज बोलायची. मी मनावर घेतलं."

त्या वर्षी आमचे आकडे सुरेख आले. कण मिसळलेल्या प्लास्टिकचा पत्रा दाबून तयार केला, मी तो यंत्रावर मोजला, आणि उष्णता त्यातून अशी धावली की मी यंत्र बिघडले असावे असे समजून पुन्हा मोजले. पुन्हा तेच. संचालकांनी 'यशोगाथा' हा आपला आवडता शब्द दिवसभर वापरला. त्याच मिश्रणाच्या वाट्या तयार झाल्या. मंडळाचे अध्यक्ष अण्णा परब यांनी कमान द्यायचे कबूल केले, इतकेच नव्हे तर बाईंचा सत्कार ठरवून 'लालबागची कन्या' असा फलकही लावला.

"चिंचपोकळीची!" बाईंनी फलकाखाली उभे राहून तक्रार केली. "एक स्टेशन खाल्लंत माझं!"

सत्काराच्या संध्याकाळी आम्ही सगळे गल्लीत जमलो. गणपती यायला अजून आठवडा होता. माळ दुपारपासूनच पेटवून ठेवली होती. संचालक शाल-श्रीफळ घेऊन आले होते. खुर्च्या भरल्या होत्या, चाळीच्या गॅलऱ्यांतून माणसे ओणवून पाहत होती. अण्णांनी माळेचे खालचे टोक हातात धरून सर्वांना दाखवले.

"मॅडम, मानलं तुम्हाला! दुपारपासून दिवे जळतायत, आणि वाटी बघा, एकदम गार! आमच्या पहिल्या वाट्यांना हात लावायची सोय नव्हती. या रे, हात लावून बघा!"

लोकांनी हात लावले. "गार आहे! खरंच गार!" अशी कौतुकाची लाट खुर्च्यांतून गेली. मीही हात लावला. मलाही गार लागले आणि मलाही आनंद झाला. या विषयात इतकी वर्षे घालवलेल्या माणसाला तो आनंद व्हायला नको होता, हे मी आजही स्वतःला सांगत असतो.

शेवटी बाई पुढे आल्या. त्यांनी उलटा हात एका वाटीला टेकवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. डोळे बारीक झाले ते तसेच राहिले.

"अण्णा, माळ बंद करा."

"का ओ मॅडम? गार आहे की!"

"तेच तर, अण्णा! दिवा आत तापतोय. त्याची उष्णता बाहेर आली तर वाटी बाहेरून गरम लागेल. ही गार आहे, म्हणजे सगळं आतल्या आत कोंडलंय."

त्यांनी एक वाटी खोलली. दिव्याला टेकलेली कड मऊ पडून आत वाकली होती. बाईंनी ती नाकाजवळ नेली आणि वास घेतला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"पेंडसे, आपण पत्रा कुठल्या दिशेने मोजला?"

"लांबीच्या," मी म्हणालो.

"मीच सांगितलं होतं तसं. आणि वाटीत उष्णता कुठून बाहेर पडते?"

"जाडीतून."

पुढचे त्यांना सांगावे लागले नाही. आमचे कण गोल नव्हते, चपटे होते. पत्रा दाबला की ते डब्यातल्या पापडांसारखे एकावर एक आडवे निजत. पापडावरून मुंगी झरझर पळते, पण चळतीच्या वरून खाली उतरायचे तर तिची दमछाक होते. आम्ही मुंगीला पापडावरून पळवून तिचा वेग मोजला होता, आणि दिव्याच्या वाटीत तिला चळत उतरायला लावले होते.

संचालक हळूच बाईंपाशी आले. "मॅडम, सत्कार तेवढा होऊन जाऊ द्या. लोक जमलेत. बाकीचं आपण संस्थेत बघू."

अण्णांनीही समजूत घातली. "दहाच दिवसांचा प्रश्न आहे, मॅडम. काढतील की वाट्या कशातरी."

"अण्णा, दोन दिवसांत वाट्या वाकतील, आणि खाली रांगेत बायका-पोरं उभी असतील," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माइक हातात घेतला.

त्यांची ती माळ, तिच्यासाठी घातलेली वर्षे, निवृत्तीला उरलेले थोडे आठवडे, हे सारे मला ठाऊक होते. त्या आता काय बोलतील, हे मात्र ठाऊक नव्हते. बाईंनी घसा खाकरला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मंडळी, चहा माझा!"

गल्लीला काहीच कळले नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या विरून गेल्या. तेवढ्यात सावंत उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता, पण आवाज मंडळाच्या कार्यकर्त्याचाच होता. "बघताय काय? मॅडमना चहा आणा! भजी आणा कुणीतरी! त्यांनी चूक पकडली हा! स्वतःची!"

मग जे झाले ते मी कुठल्याही सत्कारात पाहिलेले नाही. चाळीतल्या घराघरातून चहा आला. कुणी कपात, कुणी स्टीलच्या पेल्यात, एका आजींनी तर बशीत ओतूनच आणला. बाई कमानीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एकेक घोट सर्वांचा घेत होत्या. संचालक एका हातात शाल आणि दुसऱ्या हातात भजे घेऊन उभे होते. शाल कुणाला द्यायची हे त्यांना ठरवता येईना, आणि भजे संपवल्याशिवाय तो विचारही त्यांना करता येत नसावा. अण्णांनी नेहमीच्या माळा लावायला पोरांना वर चढवले.

बाई हसत होत्या. पण मी जवळ गेलो तेव्हा पाहिले, त्यांच्या मांडीवर ती खोललेली वाटी होती, आणि त्यांचा उलटा हात तिच्यावर तसाच टेकलेला होता.

"आई असती तर पहिल्याच फटक्यात बाद केली असती," त्या हळूच म्हणाल्या.

मी माफी मागायला तोंड उघडले. त्यांनी मला भजे दिले.

महिन्याभरात बाई निवृत्त झाल्या. आता हा विषय मिटला असे संचालकांना वाटले, कदाचित मलाही. एका सकाळी मी दाढी करीत असताना त्यांचा फोन आला.

"पेंडसे, पापडाच्या डब्यात लाडू टाकले तर?"

"कसले लाडू?" मी गोंधळून विचारले.

"बेसनाचे नाही हो! गोल कण, अॅल्युमिनाचे. चपट्यांच्या मधे गोल घुसले की पापड आडवे पडतील कसे? तिरके राहतील, उभे राहतील. मुंगीला जिना मिळेल. उठा, सावंतांना सांगा!"

पुढचे वर्ष मी आणि सावंत पापडांत लाडू मिसळत होतो. बाई निवृत्त असल्याने फाटकावर त्यांना पाहुण्यांचा पास घ्यावा लागे. त्यावरून त्या दर वेळी रखवालदाराशी भांडत आणि दर वेळी त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करीत आत येत. आल्या की नव्या नमुन्याला उलटा हात. बहुधा मान नकारार्थी हलत असे. एकदा मात्र हलली नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "हं." आम्ही दोघांनी त्या एका हुंकारावर वाट्या करायला घेतल्या. या वेळी मी जाडीतूनच मोजले. जुन्या वाट्याही कपाटात होत्या, तशाच आकाराच्या, तशाच रंगाच्या. त्यांतून नव्या वेगळ्या काढून माळ भरायचे काम मी माझ्याकडे घेतले होते.

अण्णांनी या खेपेला कमान दिली नाही. "मॅडम, कमान पुढच्या वर्षी नक्की. यंदा दर्शनाच्या रांगेला लावू, कठड्यावर, हाताला येतील अशा. तुम्हाला तपासायला बरं." पन्नासेक दिव्यांची एकच माळ. बाईंनी तक्रार केली नाही.

बाईंचे मला घडलेले शेवटचे दर्शन त्या रांगेतले. त्या सकाळी माळ पाहायला म्हणून आल्या. मी आणि सावंत कठड्याच्या अलीकडे उभे होतो. बाईंनी पहिल्या दिव्याला हात लावायला कठडा ओलांडला, आणि रांगेने त्यांना ताब्यात घेतले.

"मावशी, चला, पुढे चला! थांबायचं नाही!" कार्यकर्ता ओरडत होता.

"अरे, मी दर्शनाला नाही आले!"

"सगळे असंच म्हणतात, मावशी. चला!"

त्यांना उलटे फिरता येईना. मग त्यांनी तो नाद सोडला आणि रांगेबरोबर चालू लागल्या. आणि चालता चालता प्रत्येक दिव्याला उलटा हात टेकवू लागल्या. एकीकडे ढोल वाजत होते, मागून माणसे रेटत होती, आणि त्यांतून बाईंचा आवाज येत होता. "गरम! हं, गरम! सावंत, गरम आहे हो!" पांढरे केस, केसांवर तो विसरलेला चष्मा. सावंत माझ्या शेजारी उभे राहून लहान मुलासारखे हसत होते. दिव्यामागून दिवा, बाई दूर जात होत्या.

वळणाच्या जरा अलीकडे त्या थबकल्या. मागचा माणूस त्यांच्यावर आदळला. कार्यकर्त्याने शिट्टी फुंकली. बाईंनी त्या दिव्याला पुन्हा एकदा हात लावला आणि मान उंचावून ओरडल्या,

"हा गार आहे! पेंडसे, हा गार आहे! चहा कुणाचा?"

मला तत्क्षणी कळले. गेल्या वर्षाची एक वाटी नव्यांत राहून गेली होती. मी घाईघाईने हातवारे करून तिथल्या कार्यकर्त्याला तो दिवा विझवायला लावला, आणि सवयीने ओठांवर "क्षमा असावी" आले. पण त्या ढोलांत माझी क्षमा माझ्याही कानांपर्यंत पोचली नसती. बाई रांगेत अडून उभ्या होत्या. मागची माणसे कुरकुरत होती. त्या उत्तराशिवाय हलणार नव्हत्या.

"माझा!" मी ओरडलो.

इतक्या मोठ्याने की रांगेतली माणसे वळून पाहू लागली आणि सावंतांनी दचकून माझा दंड धरला. बाईंनी मात्र वळून पाहिले नाही. त्यांना हवे ते मिळाले होते. रांग पुढे सरकली, वळणाशी त्या माणसांत दिसेनाशा झाल्या. आणि सगळ्यात शेवटी, डोक्यांच्या वर, त्यांचा तो एक हात तेवढा दिसला, बोटे मिटलेला, उलटा, पुढच्या दिव्याकडे निघालेला.